अंबाझरीची शर्यत आणि उरलेली शाल

गेल्या आठवड्यात भाचीची मुलगी विचारत आली, "आजी, ट्रायथलॉनमध्ये नाव देऊ का?" तिची आई तिच्या मागे उभी राहून मला मानेनं खुणावत होती, नाही म्हण. मी म्हटलं, दे. आणि मग रात्रभर माझंच डोकं भणभणत राहिलं. या ब्लॉगवर मी चिखलदरा लिहिलं, पचमढी लिहिलं, रामटेकचा गड चढताना गुडघे कसे बोलतात तेही लिहिलं. पण खाप्याहून नागपूर हा जेमतेम दीड-दोन तासांचा प्रवास कधी लिहिला नाही. तो आज लिहिते. गोड लिहिणार नाही, ते आधीच सांगून ठेवते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं घर खाप्याला, कन्हान नदी हाकेच्या अंतरावर. मला पोहायला कोणी शिकवलं नाही. म्हशी नदीपल्याड चरायला जायच्या आणि परत यायचं त्यांना सुचायचं नाही, म्हणून कोणीतरी जाऊन त्यांना वळवावं लागे. भाऊ आळशी, मी मोठी. श्रावणात नदी भरली तरी म्हशींना ते कुठे कळतं. सायकल तर मी बाबांचीच चालवायची, काळी, उंच, नळीची. संत्र्याच्या बागेत जेवणाचा डबा पोचवायचा आणि यायचं. आणि पळणं? आमच्या आईच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला पळणं शिकवावं लागत नाही.

शाळेतले ड्रिल मास्तर एकदा वर्तमानपत्र घेऊन घरी आले. नागपूरचं एक क्रीडा मंडळ अंबाझरीवर शर्यत घेत होतं. आधी तळ्यात पोहायचं, तसंच उठून सायकल हाणायची, सायकल टाकून पळत सुटायचं. मधे थांबायचं नाही. मंडळातला कोणी परदेशात असं काही बघून आला होता म्हणे. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पुढची ओळ मास्तरांनी दोनदा वाचली. पहिल्या दोन बायकांना मंडळ आपल्या खर्चानं मद्रासच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होतं. तिथे समुद्रात पोहायचं होतं. मी तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

बाबांनी ताटावर बसल्यावर निकाल दिला. "पयली आली तं जाय मद्रासले. नाई आली तं मौद्याच्या स्थळाले मी हो सांगतो. मंग कुरकुर नाई करायची."

"अन् दुसरी आली तं?" आईनं विचारलं. "पेपरात तं दोघींचं लिवलं हाय."

"दुसरी-बिसरी मले नाई समजत," बाबा म्हणाले.

मौद्याचं स्थळ म्हणजे भाताची शेती, मोठं घर, बैलजोडी, आणि मुलगा मान वर करून न बघणारा. वाईट काही नव्हतं त्यात. मला नको होतं, एवढंच. पण बाबांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळं खापा जाणत होतं, आणि मीही. म्हणून मला ती अट आवडलीच. उगाच गोंधळ नाही. पहिली यायचं.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालो. आज जाणार असाल तर रस्ता गुळगुळीत आहे. तेव्हा पाटणसावंगीपर्यंत पोटातलं पाणी हलायचं. सायकल टपावर चढवून दोरीनं बांधली. कंडक्टरनं तिचंही तिकीट फाडलं आणि विचारलं, "दुधाची हाय काय सायकल?"

"शर्यतीची हाय," बाबा म्हणाले. "माही पोट्टी पळून राह्यली उद्या."

कंडक्टरनं माझ्याकडे, मग टपाकडे पाहिलं आणि शिट्टी मारली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या की नागपूर आलं समजायचं, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. गणेशपेठच्या स्टँडवर उतरलो तर बाबा मला सायकल चालवू देईनात, उद्याकरता पाय राखून ठेव म्हणे. तेच चालवायला बसले आणि मी मागे कॅरिअरवर. चाळिशी उलटलेला माणूस, धोतर खोचलेलं, मागे एकोणीस वर्षांची घोडी, अशी आमची वरात महाल भागात आत्याच्या दारात पोचली. ते बाबा मला फार आवडायचे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच कडू लिहिणार आहे.

आत्यानं वडाभात केला होता. नागपूरला आलात आणि कोणाच्या घरचा वडाभात खाल्ला नाहीत तर तुमचं येणं फुकट. हॉटेलात मिळतो तो वेगळा. मिश्र डाळींचे वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वर हिंगाची फोडणी, कढत, हात आखडता न घेता. मी तीन वेळा भात घेतला. आत्या वाढता वाढता बोलत होती.

"पान्यात पोट्ट्यायसमोर उतरशीन काय वं तू?"

"काहून? मी उतरली तं बुडतीन काय ते?"

"दादा, पाह्य गा हिची जीभ," आत्या बाबांना म्हणाली. बाबा गालात हसले. आईनं मला गुडघ्याखालपर्यंत येणारी जाड कापडाची विजार आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवून दिला होता. पोहण्याचा पोशाख म्हणजे काय ते खाप्यात कोणाला विचारणार?

रविवारी पहाटे आभाळ लाल नव्हतं, पिवळंही नव्हतं, मातकट होतं. महाशिवरात्र होऊन गेली होती, थंडी सरली होती, आणि हवा अशी कोंदलेली की अंगाला चिकटावी. आमच्याकडे या दिवसांत असं आभाळ आलं की बागाईतदार वर बघतात आणि गारांच्या भीतीनं देवाचं नाव घेतात. बाबांनीही वर पाहिलं. वाटेत टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, पोह्यांवर तिखटजाळ लाल रस्सा. शर्यतीआधी तर्री खाऊ नये, हा धडा मी तुम्हाला फुकट देते. मला सायकलवर मिळाला.

अंबाझरीच्या बांधाखाली मंडप टाकलेला होता. कर्णे, सतरंज्या, हारांची टोपली, पाण्याचे पिंप. पळण्याच्या शेवटी चुन्याची पांढरी रेघ आखलेली, तिच्याजवळ टेबल, टेबलावर घड्याळवाले दोघं. मंडळाचे कार्यवाह सफारी घालून शिट्टी गळ्यात अडकवून हिंडत होते. माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोलू. पोहण्याच्या वाटेवर नावा ठेवल्या होत्या, तळ्यात डालड्याचे रिकामे डबे तरंगत बांधले होते, जीप होती, डॉक्टर होता. सगळं होतं. फक्त पाहुणे नव्हते.

दोन प्रमुख पाहुणे यायचे होते. पुरुषांना सकाळी वेळेवर सोडलं. बायकांना मात्र पाहुण्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा होता, त्यात म्हणे शोभा होती. आम्ही पाच जणी काठावर उभ्या, दंडावर तेलरंगानं आकडे काढलेले. शेजारी सिव्हिल लाइन्सची अनघा होती. तलावात शिकलेली, काळ्या पोशाखातली, तिची सायकल अशी हलकी की एका बोटावर उचलावी. मुलगी चांगली होती. तिनं मला विचारलं, "तू कुठल्या टँकमध्ये प्रॅक्टिस करतेस?" मी म्हटलं, कन्हान. तिला वाटलं नव्या क्लबचं नाव असावं.

पाहुणे येईनात. पुरुष पोहून बाहेर आले, सायकलींवर जाऊन परत आले, पळायलाही लागले, आणि आम्ही आपल्या उभ्याच. पश्चिमेकडून आभाळ चढत होतं. बाबा काठावरून कार्यवाहांकडे गेले. "साहेब, सोडा ना पोरीयले. वादळ येऊन राह्यलं."

"पाच मिनिटं काका. साहेब निघाले आहेत बंगल्यावरून."

अशी पाच मिनिटं किती झाली ते मी मोजलं नाही. शेवटी वाऱ्यानं मंडपाचा एक कोपरा उचलला तेव्हा कार्यवाहांनी स्वतःच शिट्टी मारली. पाहुणे आले नाहीत ते नाहीतच, आणि आमची शर्यत बरोबर वादळाच्या तोंडात सुटली.

लाटा म्हणजे समुद्राच्या नव्हेत, पण तळ्याला कधी नसाव्यात तेवढ्या होत्या. तोंडावर आडव्या येत होत्या. दर वेळी श्वास घ्यायला मान वळवावी आणि पाणी प्यावं. दोघींनी पहिल्या डब्यापाशीच नाव धरली आणि शर्यत सोडली. तलावात शिकलेल्या मुलींना तळाची रेघ बघायची सवय असते. इथे तळ नाही, रेघ नाही, डबे वाऱ्यानं भलतीकडेच गेलेले. मी डब्यांच्या भानगडीत पडलेच नाही. म्हशी वळवताना शिकले होते की पल्याडचं एक झाड धरायचं आणि डोळा त्यावरून काढायचा नाही. एक चिंच धरली. बाहेर पडले तेव्हा माझ्या पुढे पाण्यात कोणी नव्हतं.

कपडे बदलायला बायकांसाठी कनात बांधली होती. ती मी पोचेपर्यंत उडून कुंपणाला गुंडाळली गेली होती. ओल्या विजारीनंच सायकलवर बसले. ओलं जाड कापड मांडीला कसं कापतं, ते ज्यानं भोगलं तोच जाणे. चढावर तर्रीही बोलायला लागली. अमरावती रोडनं वाडी गावाच्या पुढपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. जाताना वारा छातीवर. पायडल मारावं आणि सायकल जागीच. अनघानं मला विद्यापीठाच्या पुढे गाठलं, सर्रकन पुढे गेली, तिच्या मागोमाग उरलेली तिसरीही. मला वाटलं, गेलं मद्रास. मौद्याचं घर दिसायला लागलं, भाताच्या कोठ्यांसकट.

मग गारा आल्या. आधी रस्त्यावर टपटप, मग एकदम. बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. पाठीवर, डोक्यावर, हँडल धरलेल्या बोटांवर. ट्रक बाजूला थांबले. अनघा एका ढाब्याच्या छपराखाली सायकल टेकवून उभी होती, ती तिसरीही तिथेच. मला ओरडून म्हणाली, "अगं थांब, वेडी आहेस का?" तिचं काही चुकलं नाही. अशा गारांत शहाणं माणूस थांबतंच. मी थांबले नाही कारण मला थांबण्याची किंमत ठाऊक होती, तिला नव्हती. तिला दुसऱ्या वर्षी परत येता येणार होतं.

वळून परत निघाले तोवर वारा पाठीशी आला. मंडळाची जीप आली. मागे अनघा, ती दुसरी, आणि त्यांच्या सायकली. कार्यकर्ता बाहेर डोकावून म्हणाला, "ताई, बसा गाडीत. खतम झालं."

"कोनं सांगतलं खतम झालं?"

"अहो, गारा पडून राह्यल्या ना. मराल इथं."

"तुमी जा," मी म्हटलं. जीप गेली. रस्त्यावर मी आणि गारा. आजकालच्या पोरींना सांगते, शर्यतीत एक वेळ अशी येते की दुखणं थांबत नाही पण त्याचं कौतुक वाटेनासं होतं. तिथून पुढे सगळं सोपं असतं. तसंच झालं. सायकल टाकली, बांधाच्या रस्त्यानं पळायला लागले. गारा थांबून पाऊस झाला होता. चिखलात बूट अडकले, ते काढून फेकले. तसेही भावाचेच होते, दोन बोटं मोठे.

मंडप जवळ आला तसा कर्णा ऐकू आला. मला वाटलं माझ्यासाठी आहे. कर्ण्यातून आवाज येत होता, "आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून, अशा वादळवाऱ्यातही आपण आलात, हे या नगरीचं भाग्य." पाहुणे आले होते. दोनातले एक. मोटारीतून उतरून थेट मंडपात गेले होते, आणि त्यांच्या मागे अख्खं मंडळ. घड्याळवाले दोघंही. सत्कार चालू असताना, फोटो निघत असताना मंडळाचा माणूस मंडपाबाहेर कसा राहील? रेघेवरचं टेबल पालथं पडलेलं, फीत चिखलात.

रेघही नव्हती. पावसानं चुना धुऊन नेला होता. तिथे एकटे बाबा उभे होते, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि जिथे रेघ होती तिथे दोन टोकांना त्यांनी माझ्या चपला ठेवल्या होत्या. एक इकडे, एक तिकडे. चुना वाहून जायला लागला तेव्हा जागा चुकू नये म्हणून. मी माझ्याच दोन चपलांच्या मधून पळत गेले आणि बाबांच्या अंगावर आदळले. ते म्हणाले, "आली वं आली. कोनीच नाई तुह्या आंदी. एकटी तूच आली." आणि त्यांनी त्या पोत्याखाली मला घेतलं.

त्या पोत्याला गुळाचा वास होता. आयुष्यात मला तेवढं सुख पुन्हा झालं नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. लोकांना हे ऐकायला आवडत नाही. पण आहे ते असं आहे.

सत्कार आटोपल्यावर बाबा मला घेऊन मंडपात गेले. कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. "अरे, तुम्ही जीपमध्ये नव्हता?"

"नव्हते."

"आम्ही तर जाहीर केलं, गारपिटीमुळे महिलांची शर्यत रद्द. सगळ्यांना गाडीनं सुखरूप आणलं."

जीपवाला कार्यकर्ता म्हणाला, "मी म्हटलं होतं बसा म्हणून. ह्या नाई बसल्या."

"मग आल्या कशा? कोणाच्या स्कूटरवर, ट्रकवर, आम्ही कसं सांगणार? वेळ कोणी घेतली? पाहिलं कोणी?"

"म्या पाह्यलं," बाबा म्हणाले. "म्या तथीच उभा होतो. तुमी कोनीच नव्हते."

"काका, तुम्ही वडील. वडिलांची साक्ष कशी चालेल?"

बाबांचा आवाज चढला. मंडपात लोक वळून बघायला लागले. "माही पोट्टी गारा खाऊन आली. तुमचे घड्याळवाले अथी हार घालत बसले, ते तिची चूक हाय काय? ते मद्रासचं नाव लिवा. तुमीच पेपरात छापलं व्हतं." मी त्यांना असं साहेब लोकांपुढे बोलताना कधी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांनीही मान वळवून विचारलं, काय प्रकार आहे. क्षणभर मला वाटलं, झालं, आता लिहितात नाव.

कार्यवाह हुशार होते. दुसरे पाहुणे वादळामुळे आलेच नव्हते, त्यामुळे ताटात एक शाल आणि एक श्रीफळ उरलं होतं. त्यांनी माइक हातात घेतला. "मित्रहो, अशा भर गारपिटीत आपल्या कन्येसाठी रेघेवर उभा राहिलेला पिता आज आपल्यात आहे. खाप्याहून आलेल्या या शेतकरी बंधूंचा सत्कार मी प्रमुख पाहुण्यांना करण्याची विनंती करतो."

टाळ्या पडल्या. कोणीतरी बाबांना पाठीवर हात ठेवून पुढे नेलं. पोतं त्यांच्या खांद्यावरून काढलं आणि शाल घातली. नारळ हातात दिला. फोटोवाल्यानं सांगितलं तसे ते उभे राहिले. आणि मग माझ्या बाबांनी हात जोडले, पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, आणि दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी खाली उभी होते, अनवाणी. वाट बघत होते की ते आता उठतील, आता बोलतील. ते उठले नाहीत. तुम्ही आमच्यातले असाल तर तुम्हाला समजेल. ज्यानं शाल घातली त्याच्याशी त्याच मांडवात भांडायचं नसतं. नारळ घेतला की पुढचं बोलणं तोंडातच राहतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच करत आलोय, कोणी ओरडायला लागला की त्याच्या खांद्यावर काहीतरी टाकायचं. त्या कार्यवाहांना हे बरोबर माहीत होतं. बाबांना ते अंगात भिनलेलं होतं. फक्त मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

परतीची एसटी दुपारची. आत्याकडे जाऊन सामान घेतलं. तिनं डब्यात संत्रा बर्फी दिली, शाल हातानं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "उंची हाय गा दादा." बसमध्ये मी खिडकीशी बसले. कोराडीच्या चिमण्या मागे पडल्या. मग म्हटलं, "बाबा, तुमी पाह्यलं ना मले?"

"पाह्यलं ना वं. म्या नाई पाह्यलं तं कोनं पाह्यलं?"

"मंग सोडलं काहून? तुमी अजून बोलले असते तं लिवलं असतं त्यायनं."

बाबांनी नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. "सत्कार घेतला ना बाई आता. आता कसं बोलाव."

"मद्रासचं?"

"त्यायच्या कागदावर नाव नाई तं कोन पाठवते तुले?"

"अन् मौद्याचं? तुमी म्हटलं व्हतं पयली आली तं. पयली तं आली मी."

ते बाहेर बघत म्हणाले, "मौद्याचे लोक चांगले हायेत." एवढंच. तिथे मला कळलं की मद्रास मंडळानं घेतलं, आणि उरलेलं बाबांनी. मंडळावरचा राग मी तिथेच सोडून दिला. बाबांवरचा सोडणं मला जमलं नाही.

खाप्यात एक गारही पडली नव्हती. रस्ते कोरडे, धूळ तशीच, बागा शाबूत. गल्लीत उतरल्या उतरल्या शेजारच्या काकांनी ओट्यावरून विचारलं, "काय गा, कितवी आली पोरगी?"

मी सायकल धरून थांबले. बाबा थांबले. त्यांनी खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाले, "मोठा सत्कार केला बाप्पा. लय मोठे साहेब होते."

काका ओट्यावरून उतरले, शालीला हात लावायला. मी सायकल घेऊन आत गेले. गारपिटीवर तर कोणाचाच विश्वास बसेना. संध्याकाळी आईनं शर्ट काढून माझी पाठ पाहिली, निळ्या-काळ्या डागांनी भरलेली. हळद-तेल गरम करून आणलं. तिनं विचारलं नाही कितवी. तिला उत्तर त्या पाठीवरच मिळालं होतं, पण तिला कोण विचारणार होतं? नारळ देवापुढे फोडला. प्रसाद मीही खाल्ला, भूक लागली होती.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मौद्याचे लोक खरंच चांगले निघाले. नवऱ्यानं मान वर करून बघायलाही शिकून घेतलं, आणि बऱ्याच वर्षांनी मला पुरीला नेऊन समुद्र दाखवला. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. साडी होती, पन्नाशी आली होती. तो म्हणाला, पोह ना. मी म्हटलं, आता नको.

तर ज्यांना नागपूरला शर्यतीला जायचंय त्यांच्यासाठी: राहायला धंतोली, सीताबर्डी सोयीचं. आदल्या दिवशी वडाभात खा, सकाळी तर्री खाऊ नका. फेब्रुवारी-मार्चचं आभाळ मातकट दिसलं तर ओळखून असा. आता घोट्याला एक पट्टी बांधतात, रेघेवरून गेलं की यंत्र आपोआप वेळ टिपतं. भाचीच्या मुलीनं मला दाखवली. मला ती फार आवडली. पाहुणे आले म्हणून ती पट्टी उठून मंडपात जात नाही.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शालीची गोष्ट त्यांनी जावयांना सांगितली, व्याह्यांना सांगितली, नातवंडांना मांडीवर घेऊन सांगितली. वारा असायचा त्यात, गारा असायच्या, पोतं असायचं, मोठे साहेब असायचे. चपला कधी नसायच्या. आणि पोरगी कितवी आली, हे त्या गोष्टीत कधीच आलं नाही. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसून होते. तेव्हाही मी वाट पाहिली. ते गेले. पाहणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून आता मीच लिहून ठेवते. मी पहिली आले होते.